अर्धी पोकळ

सिरिल ग्रँट, मेल गार्ड, भुसावळ,
बदली होऊन गेला तेव्हा ती आमच्याकडेच राहिली.
म्हणजे त्यानं ठेवली, की विसरला,
की दुरुस्तीचे तीनशे रुपये थकले म्हणून लाजला,
हे वडिलांनी कधी सांगितलं नाही.

वडील लोको शेडच्या पॅटर्न शॉपात.
लोखंडात ओतायचं ते आधी लाकडात घडवायचं,
म्हणून लाकूड त्यांना नेहमी
दुसऱ्या कशाची तरी तयारी वाटायचं.
ही पहिली वस्तू, जी लाकूडच राहणार होती.

आल्या दिवशी त्यांनी तिला टिचकी मारून पाहिली,
तापीच्या वाळूतलं टरबूज पाहतात तशी.
कडेला घुमली.
मधोमध ठक्क.
पुन्हा कडेला. पुन्हा मधे.
आईनं ओट्यावरून विचारलं, "काय, पोकय का भरेल?"
"अरधी," म्हणाले, आणि चष्मा शोधायला उठले.

मग दाताच्या डॉक्टरचा आरसा, बॅटरी,
आणि पोटावरच्या त्या दोन फटी.
इंग्रजी एफ, असं सिरिल म्हणायचा.
मला शाळेत नुकताच अवग्रह शिकवला होता:
ऽ
स्वर लांबवायचा तिथं काढायचा.
एक सुलट, एक आरशातला,
अक्षर मात्र लिहायचं राहिलेलं.

आत, मानेपासून बुडापर्यंत एक ठोकळा,
रुळाखालच्या स्लीपरसारखा,
दोन्ही बाजूंना रिकाम्या खोल्या.
"पाठपोट तर प्लायवूड आहे हे!" वडील जवळजवळ रागावले.
तीन थर, दाबून वळवलेले.
मग त्या फुगवट्यावरून अंगठा फिरवला,
बराच वेळ फिरवत राहिले,
आणि प्लायवूडचं नाव पुन्हा काढलं नाही.

रंग सांगते.
कडेला काळपट तपकिरी, मग मध, मग उजळ पिवळा.
सिरिल त्याला सूर्यावरून काही नाव सांगायचा.
यावल-रावेरच्या माणसाला सूर्य कशाला?
देठाकडून काळवंडू लागलेलं केळ,
ज्या दिवशी ते सगळ्यात गोड लागतं
त्या दिवसाचा रंग.

ठोकळ्याचं काम काय, ते इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये कळलं.
सिरिलचा मेव्हणा क्लॅरेन्स अगदी पोकळ गिटार आणायचा.
स्पीकर वाढवला की ती स्वतःचाच आवाज ऐकून
केकाटायची, शिट्टी अडकलेल्या इंजिनासारखी.
हिच्या पोटात मात्र कुणीतरी बसून होतं.
सिरिल स्पीकरला खेटून उभा राहायचा,
ही कडेपर्यंत जायची, थरथरायची, परत यायची.
सबंध भरीव असती तर तिला कडाच नसती.
(हे वाक्य माझं. वडील नुसतं "हं" म्हणाले असते.)

आणि लाईट.
दीपनगरच्या चिमण्या गच्चीवरून दिसायच्या.
वीज आमच्या डोक्यावरून कुठं कुठं जायची
आणि आमच्या घरातून नुसतीच जायची.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री, पंखा थांबलेला.
भरीव गिटारी, ज्यांच्या कुणाच्या असतील, मुक्या होत असतील.
ही पुटपुटायची.
माठाशेजारी बसलेल्या आईला ऐकू जाईल,
भिंतीपलीकडच्या फिरके मास्तरांना नाही, इतकंच.
मी वाजवायला शिकले ती बहुतेक अंधारातच.

अजून एक. हलवली की आत काहीतरी खुळखुळतं.
सिरिलची पिक असेल, फटीतून घसरलेली.
उलटी धरून झटकली, तार वाकवून घातली,
वडिलांचे दोन रविवार गेले.
"राहू दे. तिचं आहे ते."

गेल्या आठवड्यात जळगावहून एक मुलगा आला.
सत्तर हजार म्हणाला.
मोबाईलच्या उजेडात आतला नंबर शोधत होता,
हलवून विचारलं, "मॅडम, आत काही तुटलंय का?"
तेवढ्यात लाईट गेली.
मी ती त्याच्या हातातून घेतली, मांडीवर टेकवली,
आणि तो खुर्चीतून हळूहळू पुढं झुकला,
अगदी आई माठाकडून झुकायची तसा.

किंमत त्यानं पुन्हा काढली नाही.
किंवा काढली असेल,
पंखा सुरू झाला होता.